फुकटच्या सॉफ्टवेअरला पैसे कसले? वाचनालयाच्या कोहात फीचर घालून घेण्याबद्दल

गुरुजी, परवा फोनवर रेंज जात होती म्हणून अर्धवटच राहिलं. आता सगळं सविस्तर लिहितो, कमिटीतल्या बाकीच्यांनाही वाचून दाखवा.

तुमचा प्रश्न असा होता की खानापूर तालुक्यातल्या तुमच्या वाचनालयात गेली चार वर्षं कोहा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं फुकटचं सॉफ्टवेअर, चालतंय आणि त्यात तुम्हाला तीन गोष्टी पाहिजेत. एक, पुस्तकाची मुदत संपली की सभासदाला त्याच्या त्याच्या भाषेत, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, एसएमएस जावा. दोन, मराठी शब्द टाकून शोधलं की कपाटात असलेलं पुस्तकसुद्धा सापडत नाही, ते सापडावं. तीन, दिवाळी अंक योजनेचे सभासद वेगळे धरता यावेत. बेळगावातल्या एका मुलानं ह्या तिन्हीचं मिळून ८५ हजारांचं कोटेशन दिलंय, आणि मीटिंगमध्ये एक जण उठून म्हणाले, "फुकट आहे म्हणून तर हे सॉफ्टवेअर घेतलं की ओ, आता हे पैसे कसले?" आणि तुमची स्वतःची शंका ह्याच्या पुढची होती, की पैसे दिले आणि उद्या अपडेट आलं तर ते फीचर राहतंय का जातंय. तुमची शंका जास्त महत्त्वाची आहे, पण आधी त्या मेंबरांचं बघू, कारण ते पटल्याशिवाय ठराव पास होणार नाही.

कोहा जन्मालाच आलं ते एका लायब्ररीनं डेव्हलपरला पैसे दिले म्हणून. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट म्हणून आहे, लेव्हिन गावाकडची, शहरातली बडी लायब्ररी नव्हे. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल ओलांडू शकणार नव्हतं, सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत होती त्याचा घोळ. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी कॅटिपो कम्युनिकेशन्स नावाच्या कंपनीकडून पैसे देऊन नवीन लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं, आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं केलं. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट, पण एकतर्फी भेट नव्हे, घेणाऱ्यानं पुढं कधीतरी आपल्या परीनं परत काही द्यायचं हे त्यात धरलेलंच असतंय. आपल्याकडं लग्नात आहेर वहीत लिहून ठेवतात ना, तसं.

आणि हे एकदाच झालं असं नाही. आज तुम्ही कोहात पुस्तकाची जी मार्क पद्धतीची, म्हणजे ठरलेल्या रकान्यांची, नोंद करता, ती सोय कोहात घालायच्या कामाला अमेरिकेत ओहायोमधल्या नेल्सनव्हिल पब्लिक लायब्ररीनं पैसे दिले होते. शोधायला आत जे झेब्रा नावाचं इंजिन आहे ते कोहाला जोडायचा खर्च पेनसिल्व्हेनियातल्या क्रॉफर्ड काउंटीच्या लायब्ररी संघानं केला. खोटं वाटत असेल तर तुमच्याच कोहात 'अबाउट कोहा' हे पान उघडा, त्यात कोहा टीमचा टॅब आहे, तिथं ह्या लायब्रऱ्यांची नावं आभार मानून लिहिलेली आहेत. त्या मेंबरांना ते पान दाखवा. म्हणजे तुम्ही चार वर्षं जे फुकट वापरलं त्याचे पैसे कुणीतरी भरलेले आहेत, फक्त ते तुम्ही भरले नाहीत एवढंच.

ह्याच्यावर लगेच दुसरा प्रश्न येतोय, आणि तो रास्त आहे, की आपण पैसे देऊन केलेलं उद्या सगळ्या जगाला फुकट मिळणार असेल तर आपणच का भरायचं. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेलं कुणी कमिटीत असेल तर त्यांना हे लगेच कळंल. नवीन पार्टचं कास्टिंग पाहिजे तर आधी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करावा लागतोय, तो खर्च एकदाच, त्यानंतर त्याच पॅटर्नवर कितीही पीस काढा. फाउंड्रीत पॅटर्न ज्याचा त्याचा असतो, इथं फरक एवढाच की पॅटर्न सगळ्यांसाठी रॅकवर ठेवलेला आहे. तुम्ही एक पॅटर्न ठेवला तर दुसऱ्यांनी ठेवलेले शेकडो तुम्हाला वापरायला आधीच मिळालेत. आणि महत्त्वाचं म्हणजे रॅकवर ठेवलेल्या पॅटर्नची डागडुजी सगळे मिळून करतात, घरी माळ्यावर ठेवलेल्याची तुम्हालाच करावी लागतेय.

आता तुमच्या शंकेकडं येतो, कारण हे माळ्यावरच्या पॅटर्नचं मी स्वतः भोगलेलं आहे.

२०१४ च्या सुमाराला मी ह्या कामात नवा होतो. एका कॉलेजच्या लायब्ररीनं, नाव सांगत नाही, मला उशिराचा दंड सुट्ट्या वगळून आणि विद्यार्थ्याच्या वर्गाप्रमाणे वेगळा लागावा म्हणून काम दिलं. मी काय केलं, कोहाच्या मूळ फाईली उघडल्या आणि त्यातच सरळ बदल केले. आठवड्यात काम झालं, लायब्रेरियन मॅडम खूश, पैसेही वेळेवर मिळाले. सहा-सात महिन्यांनी त्यांच्या सिस्टीमवाल्यानं नेहमीसारखं अपडेट मारलं आणि माझे सगळे बदल पुसून गेले, कारण नवीन फाईल जुन्या फाईलवर बसते, तिला काय माहीत मी मधे काय लिहिलंय ते. सकाळी काउंटरवर पोरांना भलताच दंड लागायला लागला. मी धावत जाऊन परत बदल घातले. पुढच्या अपडेटला परत तेच. शेवटी त्यांनी ठरवलं की अपडेटच करायचं नाही, आणि मी त्याला होकार दिला, ही माझी खरी चूक. तीन-साडेतीन वर्षं ती लायब्ररी जुन्या व्हर्जनवर अडकून पडली, सुरक्षेच्या दुरुस्त्यांचे अपडेट येत होते तेही घेता येईनात, आणि शेवटी सगळं नवीन सर्व्हरवर हलवताना जो खर्च आला तो माझ्या पहिल्या बिलापेक्षा जास्त होता. त्या मॅडम मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला तो हिशेब आजही आठवतोय.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच, आणि ते मी प्रत्येक संस्थेला सांगतो: कोड लिहून देण्याचे पैसे देऊ नका, तो कोड मूळ प्रकल्पात जाऊन बसण्यासाठी पैसे द्या. तुमच्या एकट्याच्या सर्व्हरवर राहणारा बदल म्हणजे कर्ज, दर अपडेटला त्याचं व्याज भरायचं. तोच बदल मूळ कोहात गेला की पुढच्या प्रत्येक व्हर्जनमध्ये तो आपोआप येतोय, तो मोडणार नाही हे बघायची जबाबदारी पण सगळ्यांची होतेय.

पण त्याच्याही आधी एक पायरी आहे, आणि इथंच सगळ्यात जास्त पैसे वाचतात: मागितलेलं फीचर आधीपासून आहे का ते बघणं. तुमच्या तिन्ही गोष्टी एकेक घेऊ.

एसएमएस आधी. सभासदाला त्याच्या भाषेत नोटीस पाठवायची सोय कोहात आहे. सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये 'ट्रान्सलेट नोटिसेस' म्हणून एक सेटिंग आहे, ते चालू केलं की प्रत्येक नोटिशीचा मजकूर भाषेप्रमाणे वेगळा लिहिता येतोय आणि सभासदाच्या नोंदीत त्याला कुठल्या भाषेत नोटीस पाहिजे ते निवडता येतंय. दोन्ही भाषा आधी इन्स्टॉल करून चालू कराव्या लागतात, बस्स. ह्याला कोड लागत नाही. कोड लागतोय तो फक्त तुमच्या एसएमएस कंपनीशी कोहा जोडायला, त्याला ड्रायव्हर म्हणतात, पर्ल नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली एक छोटी फाईल असते, आणि ती कोहाच्या बाहेर राहते म्हणून अपडेटनं पुसली जात नाही. जाणत्या माणसाचं दोन दिवसांचं काम.

खरी डोकेदुखी कोडची नाहीच, ती डीएलटीची, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांच्या सक्तीच्या नोंदणीची आहे. ट्राय ह्या टेलिफोनवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१८ च्या नियमांमुळं संस्थेला आधी नोंदणी करावी लागते, मग पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर, मग प्रत्येक मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मंजूर नमुन्यात एक शब्द इकडं-तिकडं झाला तर मेसेज अडकतोय. तुम्हाला मराठी आणि कन्नड दोन्ही नमुने वेगळे मंजूर करून घ्यावे लागतील. आणि अजून एक, इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, पण देवनागरी किंवा कन्नड आलं की एका मेसेजमध्ये फक्त ७०. त्यातही आपण मोजतो तशी अक्षरं नव्हेत, काना-मात्रा-हलन्त सगळं वेगळं धरतात. 'पुस्तक' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, फोनच्या हिशेबानं ती सहा होतात. 'ज्ञानेश्वर' दहा. म्हणून मजकूर आखूड ठेवा, "आपलं पुस्तक परत करावे ही नम्र विनंती" असला पत्रातला थाट ठेवलात तर पुस्तकाचं नाव, तारीख धरून प्रत्येक आठवणीला दोन-दोन मेसेजचे पैसे जातील. त्या मुलानं ह्या कामाला ३० हजार धरलेत, त्यात तो नोटिशीची भाषा ओळखायचा कोड नव्यानं लिहिणार असं म्हणतोय. तो फसवतोय असं मला अजिबात वाटत नाही, तुम्ही सांगितलं तेवढं त्यानं मोजलं. पण जे आहे ते परत लिहायचं कशाला?

दुसरी गोष्ट, मराठी शोध. ह्यावर मी जरा थांबणार, कारण ह्याच्यासाठी पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडं आलो होतो तेव्हा नंदगडकडचे एक वाचक भातशेतीचं पुस्तक मागायला आले होते, आठवतंय का? पुस्तकाचं नाव 'शेतकऱ्यांसाठी' ह्या शब्दानं सुरू होत होतं. तुमच्या काउंटरवरच्या ताईंनी तो शब्द टाइप केला आणि कोहानं शून्य पुस्तकं दाखवली. ताई उठल्या, कपाटाकडं गेल्या आणि पुस्तक काढून आणलं, त्यांना जागा पाठ होती म्हणून. त्यांच्याऐवजी कुणी नवीन मुलगी असती तर ते वाचक परत गेले असते. मी तेव्हाच दोन्ही शब्द लॅपटॉपवर एकाखाली एक ठेवून बघितले. डोळ्यांना अगदी सारखे. पण आत बघितलं तर वेगळे.

प्रकार असा आहे. 'ऱ्या' मधला तो अर्धा र, ज्याला काही जण डोळ्याच्या पापणीसारखा र म्हणतात, तो संगणकात दोन पद्धतींनी लिहिता येतोय. एक पद्धत म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्याच्यापुढं एक न दिसणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. दुसरी पद्धत म्हणजे ऱ हे वेगळंच अक्षर, ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, स्वतःचा नंबर आहे, आणि त्याच्यापुढं हलन्त. मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'J' ची कळ दाबली की हे ऱ येतंय. तुमच्या जुन्या नोंदी जुन्या फाँटवरून कन्व्हर्ट करून घेतलेल्या, त्या पहिल्या पद्धतीच्या, आणि ताई टाइप करतात दुसऱ्या पद्धतीनं. म्हणून शेतकऱ्यांपासून वाऱ्यापर्यंत, खोऱ्यापासून सातारच्या दऱ्यांपर्यंत सगळंच बेपत्ता. तसाच दुसरा गोंधळ 'ॲ' चा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याच्या आधी लोक अ लिहून त्याच्यावर चंद्र देत होते. ॲडव्होकेट, ॲलोपॅथी, ॲटलास, हे सगळे शब्द दोन-दोन रूपांत पडून आहेत तुमच्या कॅटलॉगमध्ये.

उपाय काय? पुस्तकांची सूची तयार होताना, म्हणजे इंडेक्स करताना, दोन्ही रूपं एकाच रूपात बदलून घ्यायची आणि शोधतानाही तसंच करायचं. झेब्रा वापरत असाल तर असले अक्षर बदलण्याचे नियम एका फाईलीत लिहिता येतात, इलास्टिकसर्च हे दुसरं शोधायचं इंजिन वापरत असाल तर दुसऱ्या फाईलीत. नियम चार-पाच ओळींचे, पण त्या चार ओळी बरोबर कुठल्या आणि त्यामुळं दुसरं काही बिघडत नाही ना हे तपासायला वेळ जातोय, आणि शेवटी सगळा इंडेक्स नव्यानं करावा लागतोय, त्याशिवाय फरक दिसत नाही.

हे काम तुमच्या सर्व्हरवर करून मोकळं होता येईल, आठ हजारांत होईल. पण मी म्हणतो पंधरा हजार द्या आणि ते मूळ कोहात पाठवायला लावा. कारण हा त्रास फक्त तुमचा नाही. निपाणीत, चिकोडीत, पलीकडं चंदगड-गडहिंग्लजला, पुण्यात, नागपुरात, जिथं जिथं मराठी पुस्तकं कोहात आहेत तिथं हा शेतकरी हरवलेला आहे. आपल्या भाषेचा प्रश्न न्यूझीलंडचा किंवा फ्रान्सचा माणूस स्वतःहून सोडवणार नाही, त्याला तो दिसतच नाही. तो आपणच नेऊन ठेवायचा असतो. माझं तर असं मत आहे की सीमाभागातल्या वाचनालयांनी ह्यात पुढाकार घ्यावा, कारण दोन भाषा, दोन लिप्या रोज काउंटरवर सांभाळणारी माणसं आपणच आहोत. गावाचं नाव घ्या ना, कुणी बेळगाव म्हणून शोधतो, कुणी १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं बेळगावी म्हणून, कुणी इंग्रजीत जुनं बेलगाम. ह्याची सोय मात्र कोहात आहे, ऑथॉरिटी नोंदीत, म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं सांभाळणाऱ्या नोंदीत, सगळी नावं एकमेकांना जोडायची आणि 'इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस' हे सेटिंग चालू करायचं. त्याला एक रुपया लागत नाही, नोंदी नीट करणारा माणूस लागतोय फक्त.

तिसरी दिवाळी अंक योजना. ही तुमच्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे हे मला माहीत आहे, दिवाळीनंतर अंक बदलायला येणाऱ्यांची गर्दी मी पण बघितली आहे. पण ह्याला ३५ हजार घालवू नका. कोहाचे देवघेवीचे नियम तीन गोष्टींवर चालतात, सभासदाचा प्रकार, पुस्तकाचा प्रकार आणि शाखा. एकाच सभासदाला नेहमीच्या वर्गणीवर चार महिने जादा योजना, हे त्यात सरळ बसत नाही हे खरं. पण 'सभासद अधिक दिवाळी' असा एक नवा प्रकार करा, दिवाळी अंक हा वेगळा पुस्तक-प्रकार करा, आणि योजनेचे पैसे भरलेल्यांचे कार्ड नंबर एकत्र करून बॅच पॅट्रन मॉडिफिकेशनमधून एका झटक्यात त्यांचा प्रकार बदला. योजना संपली की तसंच परत. तुमचे साठ-सत्तर सभासद, वर्षातून दोनदा पंधरा मिनिटांचं काम. त्याच्यासाठी वेगळा कोड करून घेतलात तर तो कोड मूळ कोहात कुणी घेणार नाही, कारण दिवाळी अंकाची योजना बाहेरच्या देशांतल्या लायब्रऱ्यांच्या कामाची नाही, आणि मग तो कायम तुमच्याच गळ्यात.

उद्या सभासद पाचशे झाले आणि खरंच कोड लागला तर मागणी वेगळ्या शब्दांत मांडायची. दिवाळीचं नाव काढून, 'ठराविक मुदतीचं जादा सभासदत्व' असं. असं मांडलं की दुसऱ्या देशातल्या लायब्रेरियनलाही ते कळतंय, त्याच्याकडं उन्हाळी सुट्टीची योजना असेल, तो म्हणतो हे मलाही पाहिजे, आणि मग खर्चाला भागीदार मिळतोय. आपल्या गरजेवरचा गावाचा वेष काढून आतला सांगाडा दाखवायचा, हे ज्याला जमतं त्याचं फीचर मूळ प्रकल्पात जातं, मी हे कितीदा बघितलंय.

आता मूळ प्रकल्पात जायचं म्हणजे नेमकं काय होतंय ते सांगतो, म्हणजे पैसे कशाला लागतात ते कळेल. कोहाचं बगझिला नावाचं नोंदवहीसारखं आहे, तिथं आधी अडचण नोंदवायची. मग डेव्हलपर त्याला पॅच जोडतो, पॅच म्हणजे कुठली ओळ काढली, कुठली घातली त्याचा कागद. बरोबर कसं तपासायचं त्याच्या पायऱ्या लिहाव्या लागतात. मग लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी ते चालवून बघून सही करायची, त्याला साइन-ऑफ म्हणतात. त्यानंतर क्यूए म्हणजे दर्जा तपासणाऱ्या टीमचा माणूस बघतो, शंका काढतो, परत दुरुस्त्या होतात. मग ते मुख्य कोडमध्ये जातं आणि पुढच्या व्हर्जनमध्ये येतं. कोहाची मोठी व्हर्जनं वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये. म्हणजे आज काम सुरू केलं तर सहा महिने, कधी वर्षही धरा. ही वाट बघायची तयारी कमिटीत आधीच करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात "पैसे दिले, काम कुठाय" सुरू होतंय.

आणि गुरुजी, ती सही तुम्ही करू शकता. कोड यायची गरज नाही. कोहाचे सँडबॉक्स म्हणून असतात, ब्राउझरमध्येच तो बदल घातलेलं एक तात्पुरतं कोहा उघडून मिळतं, पायऱ्या वाचायच्या, तसं करून बघायचं, चाललं तर साइन-ऑफ. मराठी शोध चालतोय का नाही हे तपासायला तुमच्याइतका लायक माणूस कोण? पॅचेस पडून राहतात ते बहुतेक वेळा असा तपासणारा न मिळाल्यानंच.

करार कसा करायचा. टप्पे पाडा. कामाचा आराखडा आणि बगझिलावर नोंद झाली की थोडे पैसे, तुमच्या टेस्ट सर्व्हरवर चाललं की अर्धे, पॅच तपासणीच्या पायऱ्यांसकट बगझिलावर लागला की उरलेल्यातले बरेचसे, आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के पुढचे सहा महिने क्यूएच्या शंकांना उत्तर देत राहण्याचे. काही जण लिहितात की मूळ कोहात गेलं तरच शेवटचे पैसे. मला ते बरोबर वाटत नाही, कारण ते त्या मुलाच्या हातात नाही, घ्यायचं का नाही ते दुसरे ठरवणार. त्याच्या हातात जेवढं आहे तेवढ्यालाच पैसे बांधा. मालकीचं पण एक वाक्य करारात घाला, की हा कोड जीपीएल व्हर्जन ३ ह्या खुल्या परवान्याखाली दिला आहे आणि सोर्स म्हणजे मूळ कोड वाचनालयाला मिळेल. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात कंत्राटावर लिहिलेल्या कोडची मालकी, वेगळं लिहिलेलं नसेल तर, लिहिणाऱ्याकडंच राहते, हे बऱ्याच संस्थांना माहीत नसतंय. टीडीएस वगैरे तुमच्या सीएंना विचारून घ्या.

माणूस निवडताना त्याच्या ऑफिसला किंवा व्हिजिटिंग कार्डला बघू नका. त्याला विचारा, कोहात तुझं आधी काय गेलंय, बगझिलावरचा नंबर दे. सगळं उघडं असतंय, पाच मिनिटांत बघता येतं. ह्या मुलाचं काहीच गेलेलं नसेल तरी बिघडलं नाही, त्याला शिकायची तयारी असेल तर द्या काम, आपल्या भागात असा एक माणूस तयार होणं ही वाचनालयासाठी मोठीच गोष्ट आहे. फक्त पहिल्या कामाला अनुभवी कुणाला तरी सोबत घ्यायला सांगा. मी आहेच.

मीटिंगमध्ये तुमच्या एका मेंबरांनी सुचवलेलं की बक्षीस लावून ठेवावं, जो करेल त्याला पैसे. ह्याला बाउंटी म्हणतात. मी ह्याच्या बाजूचा नाही. दोघं तेच काम करत बसतात, मिळतात एकाला, आणि करणारा बक्षिसापुरतं करून निघून जातो, पुढची देखभाल कुणाचीच नाही. बाउंटीसोर्स नावाची ह्यातली मोठी वेबसाईट होती, २०२३ मध्ये तिनं लोकांचे पैसे द्यायचं थांबवलं आणि काम केलेल्यांचे अडकले. त्यापेक्षा ओळखीचा माणूस आणि कागदावरचा करार कितीतरी बरा.

वाचलेल्या पैशातून जमलं तर एक रक्कम दरवर्षी देखभालीला ठेवा असं मी सुचवेन, पाच हजार का असेना. नवीन फीचरला सगळे पैसे देतात, जुनं नीट ठेवायला कुणी देत नाही. २०१४ ला हार्टब्लीड नावाची मोठी चूक सापडली तेव्हा कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या ओपनएसएसएल ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरला वर्षाला देणगी मिळत होती साधारण २ हजार डॉलर. आता थोडं बदलायला लागलंय, आपल्या बेंगळुरूच्या झिरोधा ह्या शेअर दलाली कंपनीनं २०२४ मध्ये असल्या प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी काढला. पण ते मोठ्या प्रकल्पांसाठी, तुमचा शेतकरी शोधून द्यायला ते येणार नाहीत.

मराठी शोधाचे पंधरा हजार तुम्ही एकट्यानं भरू नका. आसपासच्या चार-पाच वाचनालयांना आणि एक-दोन कॉलेजच्या लायब्ररींना विचारा, प्रत्येकी दोन-अडीच हजार निघतील. वर्गणी काढून काम करायची आपल्याला सवय आहेच. कोहात पॅचवर 'स्पॉन्सर्ड बाय' अशी ओळ लिहितात आणि व्हर्जन आलं की प्रसिद्ध होणाऱ्या माहितीत ती नावं येतात, तेव्हा पैसे दिलेल्या सगळ्यांची नावं त्यात घालायला सांगा, वार्षिक अहवालात लावायला बरं.

पुढच्या मीटिंगच्या आधी दोन गोष्टी करून ठेवा. ताईंना सांगा, शोधून न सापडलेले मराठी शब्द आठवडाभर एका वहीत लिहून ठेवायचे, तारखेसकट, तपासणीला तीच वही लागणार आहे. आणि 'अबाउट कोहा' पानावरचा व्हर्जन नंबर मला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यातला पहिला आकडा साल असतो, दुसरा महिना. चार वर्षांपूर्वी इन्स्टॉल केलं तेव्हाचाच नंबर असेल तर हे कोटेशन तूर्त बाजूला ठेवा, आधी अपग्रेड करू, मी शनिवारी सकाळच्या बसनं येतो. बॅकअपसाठी एक रिकामी हार्ड डिस्क तेवढी आणून ठेवा.